बागेतून निघालेली घरं

1907 च्या उन्हाळ्यात सॅन फ्रान्सिस्कोच्या रस्त्यांवरून घरं निघाली होती. भिंती, दार, खिडक्या, छप्पर, सगळं जागच्या जागी. अख्खं घर गाड्यावर चढवलेलं आणि पुढे घोडे जुंपलेले. टेकड्यांचं शहर ते. चढ आला की घोड्यांचा कस लागायचा, उतार आला की गाडीवानाचा. सगळ्या घरांचा रंग एकच, हिरवा. मापंही ठरलेली दोन-तीनच. सार्वजनिक बागांमधून निघून ही घरं शहराच्या कडेच्या वाळूच्या टेकाडांकडे, उघड्या उतारांकडे चालली होती. तिथे कुणीतरी हप्त्याने जमिनीचा छोटासा तुकडा घेतलेला असायचा आणि घर त्यावर नेऊन ठेवलं जायचं.

अशी घरं एकूण 5,610 बांधली गेली होती. कामगार संघटनेच्या सुतारांनी ती आदल्या हिवाळ्यात उभी केली होती, भूकंपात आणि आगीत ज्यांचं छप्पर गेलं अशा लोकांसाठी. तात्पुरती म्हणून. त्यांतली काही आजही उभी आहेत, आणि त्यांत माणसं राहताहेत. आपत्तीनंतरच्या निवाऱ्यांविषयी मी जे काही वाचलं आहे त्यात या गोष्टीइतकं मला दुसऱ्या कशाने थक्क केलेलं नाही. सुताराने प्रामाणिकपणे ठोकलेली फळी आणि कचेरीत बसून कुणीतरी नीट विचार करून आखलेली भाड्याची एक योजना, या दोन गोष्टी एकत्र आल्या आणि हजारो बेघर भाडेकरू घरमालक झाले.

सुरुवात 18 एप्रिल 1906 च्या पहाटे झाली. 5 वाजून 12 मिनिटांनी जमीन हादरली. सॅन अँड्रियास नावाच्या प्रस्तरभंगाच्या दोन बाजू सुमारे 470 किलोमीटर लांबीवर एकमेकींना घासत सरकल्या. हादरा जेमतेम मिनिटभराचा, पण त्याने जमिनीखालचे पाण्याचे मोठे नळ तोडले. मोडलेल्या चुली, पडलेली धुराडी आणि फुटलेले गॅसचे नळ यांतून ठिकठिकाणी आगी लागल्या, आणि त्या विझवायला पाणीच नव्हतं. आगीला अडवण्यासाठी सुरुंग लावून इमारती पाडल्या गेल्या, त्यानेही काही ठिकाणी आग उलट पसरली. तीन दिवसांहून अधिक काळ शहर जळत राहिलं. भूकंपाने जेवढं पाडलं त्याच्या कितीतरी पट आगीने नेलं. सुमारे 28,000 इमारती गेल्या, मृतांचा आकडा 3,000 च्या आसपास मानला जातो. 4 लाख वस्तीच्या शहरातले निम्म्याहून अधिक लोक उघड्यावर आले.

पहिल्या आठवड्यांत काय झालं, ते थोडक्यात सांगतो. रेल्वेने लोकांना फुकट शहराबाहेर सोडलं. लष्कराने तंबू आणले. धुराडी तपासून होईपर्यंत घरात चूल पेटवायला मनाई होती, त्यामुळे ज्यांची घरं शाबूत होती तेही रस्त्यावर विटा मांडून स्वयंपाक करत होते. टपाल खात्याने तर तिकिटाशिवाय पत्रं स्वीकारली. कागद मिळेना म्हणून लोकांनी शर्टाच्या कॉलरवर, पुठ्ठ्याच्या तुकड्यावर 'आम्ही जिवंत आहोत' असं लिहून दिलं आणि खात्याने ते पोचवलं. गोल्डन गेट पार्क, प्रेसिडियोचा लष्करी तळ, शहरातले चौक आणि मैदानं, जिथे मोकळी जागा होती तिथे पांढऱ्या तंबूंच्या रांगा उभ्या राहिल्या.

तंबूत उन्हाळा निघतो. तिथलं हवामान आपल्याहून उलटं आहे हे इथे लक्षात घ्यायला हवं. आपला पाऊस जून ते सप्टेंबर. सॅन फ्रान्सिस्कोत याच महिन्यांत जवळजवळ थेंबही पडत नाही, फक्त समुद्रावरून गार धुकं आत शिरतं. खरा पाऊस नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत, थंडीसोबत. म्हणजे एप्रिलमध्ये बेघर झालेल्या माणसांसाठी निसर्गाने सहा-सात महिन्यांची मुदत दिली होती. उन्हाळा सरत आला तरी हजारो कुटुंबं तंबूतच होती. ज्यांच्याकडे पैसा, विमा किंवा नातलग होते ते एव्हाना कुठे ना कुठे लागले होते. उरले ते मोलमजुरी करणारे, विधवा बायका, मोठ्या खटल्याची कुटुंबं. बाजारात भाडी भडकलेली, कारण घरंच कमी. कापडी तंबूत भिजत, थंडीत कुडकुडत हे लोक हिवाळा काढूच शकले नसते.

मदतनिधीची व्यवस्था पाहणारं महामंडळ, शहराचं उद्यान मंडळ आणि लष्कर यांनी मिळून ठरवलं की लाकडी घरं बांधायची. हा निर्णय वाटतो तितका साधा नव्हता. अशा वेळी सोपा मार्ग असतो बराकीचा: एक लांबलचक छप्पर, आत पडदे किंवा फळ्या लावून खण पाडायचे, की शेकडो माणसं एका दमात मावतात. लाकूड कमी लागतं, खिळे कमी लागतात, हिशेब सोपा. काही दुमजली इमारती तशा बांधल्याही गेल्या. वृद्ध आणि अपंग लोकांची सोय तर इंगलसाइडच्या घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर, घोडे बांधण्याच्या खणांमध्ये केली गेली, आणि ते वाचताना आजही वाईट वाटतं. पण बहुसंख्य कुटुंबांसाठी ठरलं ते वेगळं: प्रत्येकाला सुटं घर. स्वतःचं दार, स्वतःची खिडकी, आणि दार लावून घेतलं की आतलं जग आपलं.

घरांच्या आराखड्याचं श्रेय जॉन मॅक्लेरन यांना दिलं जातं. हे गृहस्थ वास्तुविशारद नव्हते, गोल्डन गेट पार्कचे अधीक्षक होते. वाळूच्या टेकड्यांवर झाडं जगवून त्यांनी ती प्रचंड बाग घडवण्यात आयुष्य घातलं होतं. हिरवळीवर पुतळे उभारलेलेसुद्धा ज्यांना खपत नसे, त्यांच्या बागांमध्ये आता हजारो माणसं मुक्कामाला आली होती. घरांना रंग दिला तो बागेतल्या बाकांचा हिरवा. घरं झाडीत मिसळून जावीत, डोळ्यांना खुपू नयेत हा त्यामागचा हेतू. त्या रंगाने पुढे ऐंशी वर्षांनी एक वेगळंच काम केलं, ते ओघात येईलच.

आता घर जवळून पाहू. सर्वांत लहान प्रकार 10 फूट बाय 14 फुटांचा. मधला 14 बाय 18. त्याहून मोठा 15 बाय 25. गिरगाव-परळच्या चाळीतली खोली ज्यांनी पाहिली आहे त्यांना पहिलं माप पाहताक्षणी ओळखीचं वाटेल; तेवढ्या जागेत किती माणसं निजू शकतात हे त्यांना वेगळं सांगायला नको. भिंती रेडवूडच्या फळ्यांच्या. जमीन फर लाकडाची. छपरावर सिडर लाकडाच्या पातळ ढलप्या, खालच्या ओळीवर वरच्या ओळीची कड येईल अशा एकावर एक ठोकलेल्या, म्हणजे पाणी ओघळून जातं, आत शिरत नाही. दोन्हीकडे उतार असलेलं साधं छप्पर, एक दार, खिडक्या. आत नळ नाही, मोरी नाही, संडास नाही. ते सगळं छावणीत सामाईक.

पाया जवळजवळ नव्हताच. दगडी जोतं नाही, चुनाविटांचं बांधकाम नाही. जमिनीलगत लाकडं टाकून त्यांवर घर टेकवलेलं. याचं एक कारण उघड आहे, की बाग काही वर्षांत परत मोकळी करून द्यायची होती, तिथे खोदून पाये घालण्यात अर्थ नव्हता. पण त्यामुळे घराच्या अंगी एक गुण आपोआप आला: ते जमिनीत रुतलेलं नव्हतं, नुसतं तिच्यावर उभं होतं. खालून उचललं तर घर निघून येणार होतं.

रेडवूड हे नाव आपल्याकडे फक्त फोटोंमुळे माहीत असतं, आकाशाला भिडणारी ती झाडं आणि बुंध्याशी बोटाएवढा दिसणारा माणूस. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यालगत, सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला त्यांची दाट जंगलं होती. या लाकडाच्या गाभ्यात टॅनिनसारखी द्रव्यं भरपूर असतात, त्यामुळे वाळवी आणि बुरशी त्याच्या वाटेला सहसा जात नाही. राळ फार कमी असते, म्हणून ते इतर सूचिपर्णी लाकडांइतकं भडकन पेटत नाही. वजनाला हलकं, करवतीला मऊ, आणि वाळल्यावर फारसं वाकत-पिळत नाही. सुताराला आणखी काय हवं? गरिबांच्या तात्पुरत्या निवाऱ्यासाठी जे लाकूड वापरलं गेलं ते त्या भागातलं स्वस्त, हाताशी असलेलं लाकूड होतं, आणि तेच नेमकं शंभर वर्षं टिकण्याच्या जातीचं निघालं. अर्थात शहर पुन्हा उभं करण्यासाठी त्या जंगलांनी मोजलेली किंमतही मोठी होती. शहराजवळच्या एका दरीत तोडीतून वाचलेलं रेडवूडचं एक जुनं रान विल्यम केंट नावाच्या माणसाने विकत घेऊन ठेवलं होतं. 1908 च्या जानेवारीत ते म्यूर वुड्स या नावाने राष्ट्रीय स्मारक झालं. शहर भराभर उभं राहत होतं त्याच काळात कुणीतरी झाडंही वाचवत होतं, याचा मला दिलासा वाटतो.

बांधकाम सुरू झालं सप्टेंबर 1906 मध्ये आणि चाललं मार्च 1907 पर्यंत. 5,610 घरांना त्या महिन्यांतल्या दिवसांनी भागलं तर रोजची सरासरी तिसाच्या आसपास येते. रोज तीस घरं, आणि तीही नेमकी पावसाच्या महिन्यांत! हे शक्य झालं ते माप ठरलेलं होतं म्हणून. एकदा भिंतीच्या फळीची लांबी, वाशाचा कोन, दाराची रुंदी नक्की झाली की पुढच्या घरासाठी पुन्हा विचार करावा लागत नाही. त्याच मापाचे तुकडे ढिगाने कापायचे आणि एका जागेवरून दुसऱ्या जागेवर ठोकत जायचं. पहिल्या घराला लागलेला वेळ आणि शंभराव्या घराला लागलेला वेळ यांत किती फरक पडत असेल हे कुठल्याही मिस्त्रीला विचारावं.

सॅन फ्रान्सिस्को तेव्हा अमेरिकेतल्या कामगार संघटनांचा बालेकिल्ला होतं. बांधकाम कामगारांच्या संघटनांचे पुढारी पी. एच. मॅकार्थी पुढे 1910 मध्ये त्या शहराचे महापौर झाले, यावरून त्यांच्या ताकदीची कल्पना यावी. जळालेलं शहर उभारायला सुतारांना सगळीकडून मागणी होती. बँका, दुकानं, हॉटेलं, श्रीमंतांचे बंगले, सगळ्यांनाच घाई होती. त्या धांदलीत संघटनेच्या कुशल सुतारांनी बागांमधली ही छोटी घरं बांधली. मार्केट स्ट्रीटच्या दक्षिणेची कामगारवस्ती आगीत जवळजवळ पूर्ण गेली होती, तेव्हा या हातोडा धरणाऱ्यांत स्वतःचं घर गमावलेलेही असणारच. ज्या हातांनी ही घरं उभी राहिली ते हात सराईत होते, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. निर्वासितांसाठीच तर आहे, दोन वर्षांसाठीच तर आहे, असं म्हणून खिळा वाकडा सोडून देणं किती सोपं होतं! तसं झालं असतं तर ही घरं गाड्यावर चढताना उसवली असती.

हिरव्या घरांच्या छावण्या 11 ठिकाणी होत्या. सर्वाधिक गर्दीच्या काळात त्यांत 16,448 माणसं राहत होती, म्हणजे घरामागे सरासरी तीन. घरं एकमेकांना अगदी लागून, मध्ये अरुंद गल्ल्या. स्वच्छतेचे नियम कडक होते, कारण अशा दाटीत टायफॉइडसारखी साथ शिरली तर शहराला दुसरा घाव सोसला नसता. सामाईक न्हाणीघरं, धुण्याच्या जागा, डॉक्टर, कचऱ्याची व्यवस्था. जुन्या फोटोंमध्ये दोरीवर वाळत घातलेले कपडे दिसतात, दारात उभ्या बायका दिसतात, गल्लीत पोरं दिसतात. आपत्तीच्या पहिल्या दिवसांच्या फोटोंत सगळे चेहरे एकाच दिशेला, जळत्या शहराकडे वळलेले असतात. छावणीच्या फोटोंत प्रत्येकजण आपापल्या कामात आहे.

आता ती भाड्याची योजना. घराची किंमत ठरवली 50 डॉलर. राहणाऱ्याने महिन्याला 2 डॉलर भरायचे. बांधकामावरच्या साध्या मजुरालाही साधारण एका दिवसाच्या कामात तेवढे मिळत. भरलेली रक्कम किमतीत वळती व्हायची आणि पैसे फिटले की घर त्याचं. अट एकच, घर आपलं झालं की ते बागेतून हलवायचं.

या अटीत किती गोष्टी एका फटक्यात साधल्या आहेत पाहा. शहराला बागा परत हव्या होत्या. जगभर अशा छावण्या उठवताना पोलीस लागतात, आक्रोश होतो, माणसं दुसऱ्यांदा बेघर होतात. इथे छावणी उठली ती माणसं आपापलं घर घेऊन बाहेर पडल्यामुळे. मदतनिधीला फुकट वाटपाचा आरोप टाळता आला. राहणाऱ्याला दर महिन्याचे 2 डॉलर भरताना आपण काहीतरी कमावतो आहोत हे माहीत होतं, म्हणून तो घर जपत होता. आणि शहरावर हजारो मोडक्या निवाऱ्यांचं लाकूड उचलून नेण्याची वेळ आली नाही. 1906 च्या आधी यांतली बहुतेक कुटुंबं भाड्याच्या खोल्यांत राहत होती. स्वतःच्या मालकीचं घर ही त्यांच्या आवाक्यातली गोष्टच नव्हती. शहराच्या इतिहासातल्या सर्वांत भीषण आपत्तीने त्यांना पहिलं घर दिलं.

सगळ्यांनी ही योजना आनंदाने स्वीकारली असं मात्र नाही. देशभरातून लोकांनी आमच्यासाठी पैसे पाठवले, मग आमच्याकडून भाडं कसलं घेता, असा रोकडा सवाल निर्वासितांनी विचारला. त्यासाठी ते एकत्र आले, त्यांनी निषेध केला. त्यांच्या म्हणण्यात तथ्य होतं असं मला वाटतं. चिनी वस्तीची कथा तर याहून कडू आहे. चायनाटाउन पूर्ण जळालं होतं. चिनी निर्वासितांना इतरांपासून वेगळं काढून एका छावणीतून दुसरीत हलवत हलवत अखेर प्रेसिडियोच्या वाऱ्याच्या टोकाला, फोर्ट पॉइंटजवळ नेऊन ठेवलं. शहरातल्या बड्या लोकांना त्यांची मोक्याची जागा हवी होती आणि चिनी वस्ती शहराच्या पार दक्षिण टोकाला, हंटर्स पॉइंटला ढकलण्याचा बेत चालू होता. चिनी व्यापाऱ्यांनी आणि चीनच्या वकिलातीने तो हाणून पाडला, आणि चायनाटाउन जुन्याच जागी पुन्हा उभं राहिलं. हिरव्या घरांचं कौतुक करताना ही बाजू झाकून ठेवणं बरोबर नाही.

ऑगस्ट 1907 पासून छावण्या मोकळ्या होऊ लागल्या. शेवटची छावणी, लोबोस स्क्वेअरची, जून 1908 मध्ये बंद झाली. त्या महिन्यांत जवळजवळ सगळी घरं बागांमधून हलली.

लाकडी घर हलवता येतं, कारण त्यात जोडणी आहे, चिकटवणी नाही. दगड-विटांच्या भिंतीत प्रत्येक थर खालच्या थरावर वजनाने बसलेला असतो. भिंत उचलली की ती तिथेच विस्कटते. फळ्या आणि वासे खिळ्यांनी एकमेकांना धरून ठेवतात. थोडं वाकतात, करकरतात, पण सुटत नाहीत. घराच्या खाली जॅक लावून ते थोडं थोडं उचलायचं, खाली तुळया सारायच्या, गाडा आत घालायचा आणि घर अलगद त्यावर उतरवायचं. सॅन फ्रान्सिस्कोत लाकडी घरं हलवण्याचा धंदा भूकंपाच्या आधीपासून होता, त्यात मुरलेली माणसं होती. ही घरं तर लहानच, घोड्यांनी ओढण्याजोगी.

भूकंपातही हाच हलकेपणा माणसाला वाचवतो. जमीन हादरते तेव्हा इमारतीवर येणारा धक्का तिच्या वजनाच्या प्रमाणात असतो. आपण ही गोष्ट किल्लारीत फार महागात शिकलो. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे, गणपती विसर्जन करून लोक झोपले असताना, लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत भूकंप झाला आणि सुमारे 8,000 माणसं गेली. तिथली दगडमातीच्या जाड भिंतींची, डोक्यावर मातीचा जड थर असलेली माळवदाची घरं उन्हाळ्यात गार राहायची, पिढ्यान् पिढ्या टिकायची. त्या पहाटे तीच अंगावर कोसळली. नंतर कित्येक कुटुंबांनी पत्र्याच्या शेडमध्ये दिवस काढले. मराठवाड्याच्या उन्हात पत्र्याखाली मे महिना म्हणजे काय, हे ज्यांनी भोगलं त्यांनाच माहीत. त्याच्याही मागे गेलं, सॅन फ्रान्सिस्कोच्या भूकंपाच्या आसपासच्याच काळात गेलं, तर प्लेगची वर्षं लागतात. साथ आली की आपल्याकडे गावंच्या गावं घरांना कुलपं घालून माळावर झोपड्या बांधून राहत. कुडाच्या भिंती, गवताचं छप्पर. साथ ओसरली की माणसं परत घरी आणि झोपडी मातीत. त्या झोपडीला टिकायची गरज नव्हती, कारण मागे घर शाबूत होतं. सॅन फ्रान्सिस्कोच्या माणसांना परत जायला मागे काही उरलंच नव्हतं. त्यांच्या तात्पुरत्या निवाऱ्यालाच घर व्हावं लागलं.

ते कसं झालं हे पाहण्यात मोठी मौज आहे. बर्नल हाइट्स नावाची टेकडी आगीतून वाचली होती, तिच्या उतारांवर जमीन स्वस्त होती. कित्येक हिरवी घरं तिथे चढली. काही पश्चिमेला सनसेट आणि रिचमंड भागांत गेली, जिथे तेव्हा वाळू आणि वारा यांशिवाय फारसं काही नव्हतं. काही शहराची हद्दही ओलांडून गेली. एकट्या 10 बाय 14 मध्ये संसार मावत नाही, म्हणून लोकांनी दोन-दोन, तीन-तीन घरं मिळवून ती एकमेकांना जोडली: एकाची भिंत काढून दुसऱ्याला लावलं, एकात स्वयंपाकघर, एकात निजायची खोली. मागे न्हाणीघर वाढवलं. पुढे पडवी काढली. वीज आली, नळ आला, बाहेरून गिलावा झाला. मुलं मोठी झाली, घर विकलं गेलं, नव्या मालकाने आणखी दोन खोल्या चढवल्या. आणि हळूहळू सगळ्यांना विसर पडला की या घराच्या पोटात निर्वासितांच्या छावणीतलं एक घर आहे.

1980 च्या दशकात शहरातल्या एका रहिवासी बाईंना आपण राहतो ते छोटं घर म्हणजे अशीच जोडलेली भूकंपाची घरं आहेत असा शोध लागला. त्या झपाटल्यासारख्या मागे लागल्या. जुने कागद धुंडाळले, शहरभर हिंडून अशी घरं शोधली, ती वाचवण्यासाठी संस्था काढली. चोविसाव्या अॅव्हेन्यूवरचं ते घर 1984 साली शहराचं संरक्षित स्मारक ठरलं. 2002 मध्ये कर्कहॅम स्ट्रीटवर पाडायला निघालेली अशी चार घरं इतिहासप्रेमी नागरिकांनी वाचवली. त्यांतलं एक दुरुस्त करून भूकंपाच्या शताब्दीला, 2006 मध्ये, भर मार्केट स्ट्रीटवर लोकांना पाहायला ठेवलं होतं.

असं घर ओळखायचं कसं? आधी माप घ्यायचं. इमारतीच्या कुठल्यातरी भागात 10 बाय 14 किंवा 14 बाय 18 चा आयत लपलेला सापडतो का, ते पाहायचं. मग छपराचा उतार. मग फळ्यांचं लाकूड. आणि सरतेशेवटी रंग: भिंतीवरचे शंभर वर्षांचे थर खरवडत गेलं, पांढरा, पिवळा, निळा, जो काय असेल तो, की अगदी तळाशी, लाकडाला चिकटलेला, बागेतल्या बाकांचा हिरवा लागतो. मॅक्लेरन यांच्या बागेत घरं डोळ्यांना खुपू नयेत म्हणून जो रंग दिला होता, त्याच रंगावरून ती आज ओळखली जातात.

सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात, म्हणजे बे एरियात, आता हजारो मराठी कुटुंबं राहतात, आणि महाराष्ट्रातले आईवडील उन्हाळ्यात त्यांच्याकडे जातात. गोल्डन गेट पूल सगळेच पाहतात. पुलाजवळच प्रेसिडियो आहे. तिथे जुन्या लष्करी इस्पितळाच्या इमारतीमागे यांतली दोन घरं पुन्हा हिरवी रंगवून जपून ठेवली आहेत. कर्कहॅम स्ट्रीटवरचं एक घर शहराच्या प्राणिसंग्रहालयात आहे, तिथे नातवंडांना घेऊन जाणं होतंच. जाताना खिशात मोजपट्टी असू द्या, आणि भिंतीला हात लावायला मिळाला तर फळ्यांचे सांधे जरूर पाहा.